तांब्याची तार

कुमासी
१८ डिसेंबर १९८८

सानातू,

सुखरूप पोचलो, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पोचलो एवढं खरं. सुखाचं तू बघ.

तामालेहून गाडी सुटली तेव्हा मी मुद्दाम मागच्या खिडकीशी बसलो होतो. आई रडत होती. उकडलेली अंडी विकणारी ती बाई, जिचा माझा काडीचा संबंध नाही, तीसुद्धा पदराने डोळे पुसत होती. तू मात्र खांबासारखी उभी. निघताना मी हात पुढे केला, तर तू बोटं टेकवलीस न टेकवलीस आणि झटकन मागे घेतलीस. चार लोकांसमोर. आमच्याकडून आलेल्या कोलाच्या बिया तुझ्या वडिलांनी घरोघर वाटल्या, म्हणजे आपलं ठरलंय हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. मग लाज कसली?

मी कॉलेज अर्धवट सोडलं ते तुझ्यासाठी. अजून दोन वर्षांनी मास्तर झालो असतो, पण तोवर थांबायचं कुणी? इथे क्वाबेना मिस्त्रीकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकतोय. पहिल्याच दिवशी त्याने एक फ्यूज हातात दिला आणि म्हणाला, "शिकलेला आहेस ना? मग सांग, हा कशाचा." मला सांगता आलं नाही. सगळे हसले. एकाच्या अंगावर मी पक्कड फेकली. लागली नाही.

बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. हात का काढलास तेवढं लिही.

तुझा (असलो तर),
नापारी


तामाले
३ जानेवारी १९८९

नापारी,

पाकीट लापशीने चिकटवलंय. उघडताना फाटलं तर पोस्टावर राग काढू नकोस.

हात मी काढला नाही. दोघांनी एकदमच काढला. ठिणगी उडाली होती आपल्यात, चटका तुलाही बसला. "आई गं" कोण ओरडलं ते आठव. मी नव्हते.

हरमाटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटला की थोडंफार सगळ्यांनाच होतं हे. नायलॉनची चादर ओढली की चटचट वाजते. पण यंदा माझं जरा जास्तच आहे. दाराची कडी, शिवणयंत्राचं चाक, पाण्याची बादली, जिथे हात लावीन तिथे चटका. परवा एका नवरीचं माप घेत होते. कमरेला टेप लावली आणि बाई अशी उडाली की टाचण्यांचा डबा उपडा. दुकानाच्या मॅडम म्हणाल्या, "सानातू, गिऱ्हाईक मारायचंच असेल तर आधी माप तरी पुरं घेत जा." दुकान हसलं. मीही.

दोरा ओवताना सगळ्या मुली टोक जिभेवर ओलं करतात. मी पाण्याची वाटी घेऊन बसते. "राणीसाहेबांची थुंकी महाग," म्हणतात. म्हणू देत.

कॉलेज सोड असं मी कधी म्हटलं नव्हतं. वडील विचारत होते, पोराने डोकंही तिथेच ठेवलं का. मी सांगितलं, नाही, बरोबर नेलंय, फक्त वापरत नाही.

तुझ्या आईकडे जाऊन आले. खोकला अजून आहे. तिच्या पायांना शियाच्या बियांचं लोणी चोळून दिलं. पहिल्या स्पर्शाला तिलाही चटका बसला. म्हणाली, "माझ्या पोराला असाच चटका देत जा, सुधारेल."

सानातू


कुमासी
१७ जानेवारी १९८९

माझ्या सानातू,

ठिणगी होती तर. मी महिनाभर उगाच जळत बसलो. पत्र पाच वेळा वाचलं, मग क्वाबेना मिस्त्रीला सांगितलं की माझ्या बायकोच्या बोटांतून वीज निघते. तो म्हणाला, "लग्नाआधी सगळ्यांच्याच निघते." याला प्रेम कळत नाही. त्याला तीन बायका आहेत.

मला विचारशील तर यात काही नवल नाही. तू मनात माझ्याबद्दल जे दाबून ठेवतेस ते कुठून तरी बाहेर पडणारच. तोंडाने बोलत नाहीस, डोळ्यांनी रडत नाहीस, मग बोटांतून येतं.

पण त्रास होतो म्हणतेस तर इलाजही माझ्याकडे आहे. पेट्रोलचे टँकर बघितलेस ना, मागे साखळी लोंबते, रस्त्याला घासत जाते? उगाच नसते ती. टाकीत साठलेली वीज त्या साखळीतून जमिनीत उतरते, नाहीतर भडका उडेल. सोबत तांब्याची तार पाठवतोय. मीच पीळ दिलाय, रात्रभर नव्हे, जेवणाच्या सुट्टीत. घोट्याला बांध आणि शेपटीसारखं टोक जमिनीला टेकू दे. रबरी चप्पल घालतेस तिनेच सगळा घात केलाय.

हसू नकोस. घाल. मी केलेली पहिली वस्तू आहे ही.

तुझाच,
नापारी


तामाले
९ फेब्रुवारी १९८९

नापारी,

तार घातली. चालले की मागून खसखस आवाज येतो. शेजारचा कोंबडा अळी समजून टोकामागे धावतो. चटके थोडे कमी झाले असं वाटतं, की तू पाठवलीस म्हणून वाटतं, कोण जाणे.

परवा तुमच्याकडे गेले होते तेव्हा तुझ्या हावा आत्या आल्या होत्या. गुडघ्यावर बसून त्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्यांनी पेला धरला आणि फाट. पेला खाली, पाणी त्यांच्या मांडीवर. "ही पोरगी आहे की गाडीची बॅटरी?" म्हणाल्या. सगळे हसले. आत्या सगळ्यांच्या नंतर हसल्या.

मला अलीकडे दुपारीच थकवा येतो, यंत्राचं पायडल जड होतं. बोटांचे सांधे दुखतात. मक्याच्या तुओचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. धूळच इतकी आहे यंदा. दोन दाढांचे तुकडे पडले, म्हणून मंगळवारी मोठ्या दवाखान्यात जाणार आहे. दातच आहेत, घाबरायचं काही नाही.

घाबरायचंच असेल तर आईसाठी घाबर. खोकताना ती आता भिंत धरते. ये एकदा. मिस्त्रीला सांग, नाहीतर न सांगता ये, तसं तुला जमतं.

सानातू


कुमासी
५ मार्च १९८९

सानातू,

मी पोचलो तेव्हा आईला पुरून दोन दिवस झाले होते. वरची मातीसुद्धा वाळली होती. हे तुला माहीत आहे. तुला काय माहीत नाही ते सांगतो.

लोक माझ्याशी काय बोलले ते तुला माहीत नाही. आत्या म्हणाली, "पोरा, होणाऱ्या सुनेने उंबऱ्यात पहिला हंबरडा फोडायचा असतो. तुझी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एक टिपूस नाही. आम्ही तुझ्या आईला आंघोळ घालत होतो तेव्हा ती तीनदा रांजणाकडे गेली पाणी प्यायला. तीनदा." मी मोजलं नाही, बायकांनी मोजलं. मग म्हणाली, "आणि घोट्याला कसली मंतरलेली तार बांधून मयताच्या घरात आली? त्याच हातांनी महिनाभर तुझ्या आईचे पाय चोळत होती." यावर मी काय बोलणार होतो?

सातव्या दिवशी दुवा मागायला तू आलीस. माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "अल्ला तिला चांगली जागा देवो." मी तुझ्या डोळ्यांत बघितलं. लाल होते, पण ठाक कोरडे. मी तोंड फिरवलं ते तेवढ्यासाठी. आई तुला स्वतःच्या ताटातलं देत होती, सानातू.

गाडी निघताना रडली नाहीस, म्हटलं लाजते. आई गेली तरी रडत नाहीस, याला मी काय म्हणू?

झाकारी काकांनी आपली बोलणी केली होती, त्यांनाच सांगून आलो, बोलणी मोडा. ते म्हणाले, "आठ दिवस थांब, आत्ता तुझं डोकं ठिकाणावर नाही." मी थांबलो नाही. तुझ्या वडिलांना त्यांनी निरोप दिला असेलच.

नापारी


तामाले
२० मार्च १९८९

निरोप मिळाला. वडिलांनी काकांना बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि दारापर्यंत पोचवायला गेले.

मी मंगळवारी नुसत्या दातांसाठी गेले नव्हते. दातवाल्याने तोंडात बघितलं आणि म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला वाटलं चेष्टा करतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. पट्टीवर ओल किती उतरते ते मोजतात. माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता, त्याची पट्टी अर्ध्यावर भिजली, आणि तो तर मला त्याच्या गाढवाची गोष्ट सांगून हसवत होता. माझी जशी घातली तशीच निघाली. डॉक्टरने दुसरी घातली. तीही तशीच.

आजार आहे हा. माझं शरीर स्वतःच्याच विहिरी बुजवतंय, असं त्याने समजावलं. डोळ्यांच्या, तोंडाच्या, कातडीच्या. सांधे, थकवा, दाढा, सगळं त्यातलंच. मारत नाही, पण जातही नाही, जन्मभर राहतं. मी चटक्यांचंही सांगितलं. वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "पुस्तकात हे लक्षण म्हणून लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण ओलसर कातडीवरून वीज निसटून जाते, आणि तुझ्या कातडीला ओलच नाही. लिहून ठेवतो." त्याने खरंच लिहिलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतलं असं पहिल्यांदाच झालं.

तुला लिहायला बसणार होते. पाच दिवसांत तुझी आई गेली.

त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभी होते ते पाय धरत नव्हते म्हणून. पाणी पीत होते ते जीभ टाळ्याला चिकटली होती, तिचं नावसुद्धा घेता येत नव्हतं म्हणून. आणि मी रडत होते. पाणी न येता रडायला काय शब्द आहे मला माहीत नाही. डोळ्यांत वाळू फिरत होती.

डॉक्टरकडून एक पट्टी मागून घेतली होती. सोबत पाठवते. अशाच कोरड्या डोळ्यांनी तुझ्यासमोर उभी होते.

आत्यांनी तारेचं विचारलं तेव्हा तू काय बोलणार होतास म्हणतोस. तार तू पाठवली होतीस, एवढं बोलणार होतास.

सानातू


कुमासी
२ एप्रिल १९८९

सानातू, माझ्या सानातू,

मी गाढव आहे. त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीतलं गाढव माझ्यापेक्षा शहाणं असेल. पत्र वाचून मी गॅरेजमागे जाऊन इतका रडलो की क्वाबेना मिस्त्रीला वाटलं ॲसिड उडालं डोळ्यांत. पट्टी त्याला दाखवली. त्याने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "आता आणखी काही फेकू नकोस, जा आणि निस्तर."

मी येतोय. ईद झाली की काकांच्या अंगणात सगळ्यांना बसवतो, आत्यालाही. ही पट्टी सगळ्यांसमोर ठेवतो. कोण तुला दगड म्हणतं ते बघतो. मग त्याच बैठकीत पुन्हा तुझ्या वडिलांकडे कोला पाठवायला लावतो. आजार असो नाहीतर काही असो, मी तुला डोळ्यांत घालून ठेवीन.

तारेचं प्रत्यक्ष बोलू. पत्रात नीट सांगता येत नाही. तेव्हा घरात मयत होतं, आत्याच्या तोंडाला तोंड कसं देऊ?

विश्वास ठेव माझ्यावर.

तुझाच, मरेपर्यंत,
नापारी


तामाले
१२ एप्रिल १९८९

नापारी,

हे पत्र हळू वाच. तू पत्रं पळत वाचतोस.

पट्टी कुणाला दाखवायची नाही. मिस्त्रीला दाखवलीस, तो कुमासीचा आहे, जाऊ दे. इथे माझा आजार तिघांना माहीत आहे. डॉक्टर, वडील आणि तू. मॅडमनाही सांगितलेला नाही. रोजे चालू आहेत आणि डॉक्टरने पाणी बंद करायचं नाही म्हणून बजावलंय, तर मी मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांआड बसून पिते. कुणी बघितलं तर रोजा मोडला म्हणतील. म्हणोत. तेही मी ऐकून घेईन.

आपल्याकडे कोरड्या डोळ्यांच्या बाईला निर्दय म्हणतात आणि वर्ष-दोन वर्षांत विसरतात. आजारी बाईला कुणी विसरत नाही. मी कोणाचे कपडे शिवते ते तुला माहीत आहे. नवऱ्या मुलींचे. ईदनंतर मॅडम मला शिकाऊपणातून मोकळं करणार आहेत, पाटीवर माझं नाव लागणार आहे. नवरीच्या कापडाला रोगट हात लागलेला कुठल्या आईला चालेल? तुझ्याच आत्याला विचार.

म्हणून तू बैठकीत दोनच वाक्यं बोलायची. एक, ती तार मी पाठवली होती. दोन, बोलणी मोडली ती माझ्या रागापायी, पोरीचा दोष नाही. तिसरं वाक्य नाही. कुणी काही विचारलं, टोचलं, तुझ्या आईवरून बोललं, तरी नाही. खाली बघायचं आणि बसून राहायचं.

हे केलंस तर पुढचं बोलू. वडिलांना मी वळवीन. माझं मन अजून पुरतं उठलेलं नाही, हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो.

दोन वाक्यं. पाठ कर.

सानातू


कुमासी
१२ मे १९८९

सानातू,

बैठक झाली. तू माझ्याबरोबर असायला हवी होतीस.

ईदच्या तिसऱ्या दिवशी बारा-तेरा माणसं जमली. आत्या सोडून बायका मागच्या आवारात होत्या. मी दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली, म्हटलं तारेचं शेवटी सांगू. दोष माझ्या रागाचा, पोरीचा नाही, असं अगदी पाठ केल्यासारखं बोललो. खाली बघितलं. बसलो. खरंच बसलो होतो.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "दोष नाही, तर मग रडली का नाही? तुझी आई काय कुत्री होती?"

तूच सांग, यावर कोण बसून राहील? मी उठलो. खिशातून पट्टी काढली, काकांच्या हातात दिली. सगळं सांगितलं. पाच मिनिटं, दोन्ही डोळे, विहिरी, जन्मभराचं. दाढांचंसुद्धा सांगितलं. तुझ्यावर इतका अन्याय झालाय की बोलता बोलता मला रडू फुटलं, लहान मुलासारखं. काकांनी डोळे पुसले. आत्या उठून आली आणि तिने मला पोटाशी धरलं. आई गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं. त्या गडबडीत तारेचं तेवढं राहून गेलं. पण आता त्याचं काय, खरं काय ते तर सगळ्यांना कळलंच.

तुझं नाव धुऊन निघालं, सानातू. आता तुला कुणी दगड म्हणणार नाही. काका म्हणाले, बोलणी पुन्हा सुरू करायला त्यांची ना नाही. फक्त डॉक्टरकडून एक चिठ्ठी आण, मुलंबाळं होतील अशी. आत्याचा तेवढाच आग्रह आहे. तेवढी आणून ठेव, म्हणजे पावसाआधी सगळं उरकेल.

तू म्हणालीस त्यापेक्षा एक वाक्य जास्त बोललो. पण ते बोललो म्हणूनच जमलं.

तुझाच,
नापारी


तामाले
२८ मे १९८९

नापारी,

बैठकीच्या दिवशी मागच्या आवारात बायकांमध्ये मी होते. काकांच्या सुनेमागे बसले होते, डोक्यावरून कापड घेऊन. ती दोन वाक्यं मला कानांनी ऐकायची होती, म्हणून वडिलांनी येऊ दिलं. एक ऐकलं. मग तू बसलास, आणि मला वाटलं, जमलं याला.

पुढचंही ऐकलं. माझ्या दाढांपर्यंत सगळं. तू रडायला लागलास तेव्हा माझ्या शेजारची म्हणाली, "किती जीव आहे बघा पोराचा." मग त्या सगळ्याजणी एकेक करून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि सरकल्या. थोड्याशाच. एखाद्या हाताएवढ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन नवऱ्या मुलींच्या आया कापड परत घेऊन गेल्या. एकीचं कापायचंही झालं होतं, तिने तसंच नेलं. मॅडमनी मला आत बोलावलं. "माझ्या मनात काही नाही गं, तुझ्याइतका हात या गावात कुणाचा नाही. पण मला दुकान चालवायचंय." पाटी रंगवायला दिली होती, ती तशीच आणून ठेवली आहे, भिंतीकडे तोंड करून. मी आता मागच्या खोलीत काजं करते. मापं घेत नाही. चटक्यांचे दिवस तसेही संपले, वारा ओला झालाय.

तुझ्या आत्या आता सांगतात की पोरीने स्वतःचा रोग उतरवायला घोट्याला तार बांधली होती आणि तो तुझ्या आईवर उतरवला. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना खोटं बोलायची सवय नाही. त्यांना खरं कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरची चिठ्ठी मी आणणार नाही. मुलांचं मी त्याला फेब्रुवारीतच विचारलं होतं, माझं मीच. त्याने काय सांगितलं ते तुला आपल्या घरात बसून सांगायचं ठरवलं होतं. आता ते माझ्यापाशीच राहील.

झाकारी काकांना वडिलांनी काल कळवलं की आमच्याकडून नाही. काका म्हणाले, "पोरगा कोसळेल." वडील म्हणाले, "कोसळला तर उचलायला माणसं आहेत त्याला."

आहेतच. बाजारात, नळावर, कुठेही गेले तरी बायका मला थांबवून तुझी चौकशी करतात, जेवतो का, सावरला का म्हणून. माझी कुणी करत नाही. मला काय झालंय ते त्यांना ठाऊक आहे.

सानातू